झाकण नसलेला पॅटिस

ड्युटी संपवून सॅलोमी सिस्टर आल्या
आणि नानकटाईच्या बरणीला मोबाइल टेकवून म्हणाल्या,
"दिलावरभाई, असं जमेल?"

फोटोत पॅटिसच होता,
पण वरचं झाकण कुणी पळवलेलं.
टोमॅटो, सिमला मिरची, वितळलेलं चीज,
सगळा संसार उघड्यावर.
"याला टार्ट म्हणतात."
म्हणोत.
मी म्हटलं, सिस्टर, आमच्यात पोटातलं झाकून ठेवायची रीत.
त्यांनी शंभराच्या तीन नोटा काउंटरवर ठेवल्या:
"शनिवारी. बारा माणसं आहेत."

मे महिन्यात मिरजेत मैद्याला घड्या घालायच्या
तर पहाटे तीनलाच,
हुबळीची गाडी शिट्टी देऊन जाते तेव्हा,
मागच्या खोलीत, भट्टीपासून लांब.
एक बंद पडलेली खानावळ मोडीत निघाली
तिथून आणलेली संगमरवरी फरशी,
तिच्यावर आधी बर्फाची लादी फिरवायची,
पुसायची कोरडी,
मग मैदा पसरायचा, मैद्यावर लोणी,
आणि घाई करायची, पण हाताला कळू न देता.
लोण्याला कळलं की आपण घाईत आहोत
तर ते सुटतंच.

एक घडी तिहेरी. ओल्या फडक्याखाली अर्धा तास झोप.
पुन्हा तिहेरी. पुन्हा झोप.
अफ्रीन पाढा म्हणाली पाटीवरून उठून:
तीन, नऊ, सत्तावीस, एक्क्याऐंशी,
दोनशे त्रेचाळीस,
आणि सहाव्या घडीला डोळे मोठे करून
सातशे एकोणतीस.
एवढे पदर, अब्बू? दिसत तर नाहीत.
मी म्हटलं, दिसले तर फसलो.

गुरुवारी फसलोच.
म्हैसाळची वांगी कापून तशीच मांडली,
टोमॅटोनं पाणी सोडलं,
आणि सातशे एकोणतीस पदरांची
मधोमध एक ओली चपाती झाली.
जैबून काही बोलली नाही.
संध्याकाळी तिनं वांग्याच्या चकत्यांना मीठ चोळलं,
चाळणीत घातल्या, वर वरवंटा ठेवला,
आणि खाली काळपट पाणी ठिबकत राहिलं
रात्रीची भांडी होईपर्यंत.

मधला भाग फुगू नये म्हणून टोचायचा, असं सिस्टरांचं म्हणणं.
टोचायचा कशानं?
काटेचमचे आमच्याकडे कधी नव्हते.
अब्बांच्या पेटीतून दाभण काढलं,
ज्यानं त्यांनी अर्ध्या मिरजेच्या गाद्या शिवल्या,
विस्तवात धरलं, पुसलं,
आणि कणकेला टाके घातले, दोरा न ओवता.
कडा तेवढ्या सोडल्या.

शनिवारी कडा अशा उठल्या
जशी नव्या कापसाची गादी उठते पहिल्या उन्हात.
वांगं मऊ, कांद्याला तांबूस धार,
चीज कुठं फोड आलेलं, कुठं करपलेलं.
करपलेलं मी काढणार होतो,
जैबून म्हणाली, राहू दे, तेच चांगलं लागतं.

सिस्टरांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं.
केकच्या खोक्यात बसवला,
पण झाकण लावलं तर चीज चिकटेल,
म्हणून खोकं उघडंच मांडीवर घेऊन रिक्षात बसल्या.
दवाखान्याच्या वळणापर्यंत वास दिसत होता,
म्हणजे माणसं वळून बघत होती.

उरलेल्या कातरणांवर मीठ-जिरं टाकून भाजलं.
अब्बांनी एक तुकडा बोटांत चुरगाळला, कानाशी नेला,
डोळ्यांनी आता त्यांना फारसं नाही दिसत.
म्हणाले, "चांगला पिंजलायस."
मिशीला चिकटलेला पापुद्रा
फुंकर न घालता उडून गेला.

हिशेब केला:
चीजच दोनशे साठांचं, बर्फ तीस,
गुरुवारचा धरलाच नाही.
दहा रुपये सुटले
आणि सिस्टरांचा फोन, पुढल्या रविवारी दोन.

पाटीवर लिहून टाकावं म्हणतोय, खारीच्या खाली.
फक्त त्या टार्टमधला रफार
नेमका कुठल्या टवर द्यायचा,
अफ्रीन शाळेतून आली की विचारतो.